शटर वर गेलं, मिसळ कुठे? अपग्रेडनंतर चालू न होणाऱ्या कॉम्प्युटरचं काय करायचं

आमच्या इंदिरानगरच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर एक काका राहतात. नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेले, पान्याला-पेचकसाला न घाबरणारे. डिसेंबरातल्या एका रविवारी त्यांनी घरचा सहा वर्षं जुना कॉम्प्युटर उघडला. जुन्या रॅमशेजारी नवी रॅम बसवली, एक एसएसडी लावली आणि नातवाच्या हट्टापायी ग्राफिक्स कार्डही चढवलं. बटण दाबलं. पंखा फिरला, दिवे लागले, स्क्रीन मात्र काळीच. रात्री साडेनऊला आमच्या दारात उभे. "अरे, सकाळपर्यंत ठणठणीत होता. मीच मारला की काय?"

मारला नव्हता. अपग्रेड केल्यावर लगेच रुसलेल्या कॉम्प्युटरमध्ये बहुतेक वेळा काहीच मेलेलं नसतं. काहीतरी अर्धवट बसलेलं असतं, चुकीच्या भोकात गेलेलं असतं, नाहीतर जुन्या-नव्याचं एकमेकांशी पटत नसतं. शोधायला लागतो तो धीर. आणि तोच रात्री साडेनऊला कमी पडतो.

अशी घरं सध्या बरीच आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला नेहमीचे अपडेट देणं थांबवलं. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढचाच चालतो. त्यामुळे कुणी मदरबोर्ड (सगळे भाग जिच्यावर बसतात ती मुख्य पाटी) बदलतंय, कुणी "निदान रॅम तरी वाढवू" म्हणतंय. त्यात २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीच्या चिपा उचलायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव भडकले. मग जुनी रॅम, मित्राची रॅम, वेगळ्या कंपनीची रॅम अशी गोधडी शिवली जाते.

बटण दाबल्यावर आत काय होतं

सकाळी मिसळीचं दुकान कसं उघडतं ते आठवा. शटर वर जातं. गॅस पेटतो. मालक हजेरी घेतो: आचारी आला का, ओटा पुसलेला आहे का, वाढपी कुठे आहे. सगळे हजर असले तरच कोठीतून मटकी आणि मसाला ओट्यावर येतो, आणि मग कुठे तुमच्यापुढे प्लेट येते.

कॉम्प्युटरमधला गॅस म्हणजे एसएमपीएस. भिंतीतल्या २३० व्होल्टचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून देणारा हा डबा. मालक म्हणजे बायोस, मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये कायमचा मुक्कामाला असलेला छोटा प्रोग्रॅम. आचारी म्हणजे प्रोसेसर. ओटा म्हणजे रॅम, चाललेलं काम मांडायची जागा. वीज गेली की पुसला. वाढपी म्हणजे ग्राफिक्स, जो तयार झालेलं स्क्रीनपर्यंत नेतो. कोठी म्हणजे हार्ड डिस्क किंवा एसएसडी. आणि मिसळ म्हणजे विंडोज. मालकाच्या हजेरीला तांत्रिक भाषेत 'पोस्ट' म्हणतात. एवढा एक शब्द लक्षात ठेवा. (आपल्याकडे अख्ख्या डब्याला 'सीपीयू' म्हणायची पद्धत आहे. या लेखापुरतं डब्याला कॅबिनेट म्हणू, नाहीतर घोटाळा होईल.)

आता काकांचा पहिला प्रश्न: "पंखा फिरतोय म्हणजे चालू आहे ना?" नाही. पंखा फिरला म्हणजे गॅस पेटला. शटर वर गेलं म्हणून मिसळ मिळत नाही. हजेरी कुठल्या नावापाशी अडली ते शोधायचं, बस्स. ती क्रमाने होते, म्हणून शोधही क्रमाने लागतो.

हात घालायला भीती वाटते, रास्तच आहे

भिंतीतला प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण प्लग जोडलेला असला आणि एसएमपीएसची मागची कळ चालू असली की मदरबोर्डवर ५ व्होल्ट सतत असतात. प्लग काढल्यावर पॉवरचं बटण १५-२० सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. एवढं केलं की मदरबोर्डपाशी शॉक लागण्यासारखं काही राहत नाही. एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडायचा नाही. त्याच्या आतले कपॅसिटर प्लग काढल्यावरही जीवघेणा दणका देऊ शकतात.

दुसरी भीती उलटी आहे, आपल्यामुळे यंत्राला शॉक लागण्याची. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत नाशिकची हवा इतकी कोरडी असते की स्वेटर काढताना तडतड आवाज येतो. ती तडतड म्हणजे स्थिर वीज. आपल्याला तिचा चटका जाणवायला साधारण ३००० व्होल्ट लागतात. चिपला त्याच्या कितीतरी कमीत इजा होते. म्हणून लोकरी स्वेटर बाजूला ठेवा, गालिच्यावर बसू नका, सुट्या भागाला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला बोटं टेकवा. काका सतरंजीवर बसून, अंगात हातविणीचा स्वेटर घालून काम करत होते. काही बिघडलं नाही. दर वेळी तसंच होईल असं नाही.

वॉरंटीचं विचाराल तर, असेंबल केलेल्या मशिनमध्ये प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी असते आणि कॅबिनेट उघडल्याने ती जात नाही. तयार ब्रँडेड मशीन असेल तर आधी कागद वाचा.

काहीच हलत नाही

पंखा नाही, दिवा नाही, आवाज नाही. इथे गॅसच पेटलेला नाही. एक्स्टेंशन बोर्ड बदलून बघा, एसएमपीएसच्या मागची छोटी कळ बघा (काम करताना आपणच बंद केलेली असते आणि विसरलेलो असतो). मदरबोर्डवरची २४ पिनांची रुंद पट्टी खटका वाजेपर्यंत दाबा. तरीही शांतता असेल तर कॅबिनेटच्या बटणापासून येणारी दोन पिनांची बारीक वायर बघा. ग्राफिक्स कार्ड बसवताना हाताचा धक्का लागून ती हमखास निघते. बटणच गेल्याची शंका असेल तर रीसेटच्या बटणाची वायर पॉवरच्या पिनांवर लावून रीसेट दाबा. काम भागतं.

पंखा फिरतो, स्क्रीन काळी

दुकानदारांच्या भाषेत 'डिस्प्ले येत नाही'. अपग्रेडनंतरच्या सगळ्या तक्रारींत हीच सर्वांत जास्त भेटते, म्हणून इथे जरा थांबू.

पहिलं, मॉनिटरची केबल. आधी ती मदरबोर्डच्या मागच्या पट्टीत लावलेली असते. नवं कार्ड बसवलं की बहुतेक बोर्ड जुना मार्ग आपोआप बंद करतात आणि चित्र कार्डातून पाठवतात. केबल मात्र जुन्याच जागी. वाढपी नव्या दाराने प्लेट घेऊन उभा आणि आपण जुन्या दाराकडे डोळे लावून बसलेलो. काकांची केबल नेमकी तशीच होती. ती कार्डात लावली. स्क्रीन तरीही काळी.

म्हणजे चूक एकच होती असं नाही. एकाच दिवशी तीन वस्तू बदलल्या तर तीन चुका एकमेकींच्या आड लपतात. एक सुधारली तरी फरक दिसत नाही, आणि मग आपण ती सुधारलेली गोष्टही परत बिघडवून ठेवतो. यापुढे नवी वस्तू बसवा, चालू करून बघा, मगच पुढची. काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता, कारण प्रेसमध्ये आयुष्यभर त्यांनी तरुण पोरांना हेच सांगितलं असणार.

आता मदरबोर्डच्या कडेला बघा. गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच बोर्डांवर चार बारीक दिवे असतात, त्यांच्या शेजारी सीपीयू, डीरॅम (म्हणजे रॅम), व्हीजीए (म्हणजे ग्राफिक्स) आणि बूट (म्हणजे डिस्कवरून विंडोज उठवणं) असं छापलेलं असतं. हजेरी ज्या नावापाशी अडते तो दिवा लागून राहतो. दिवे नसतील तर काही बोर्ड 'बीप' वाजवून सांगतात. पण त्यासाठी छोटा स्पीकर जोडलेला लागतो आणि बीपांची भाषा कंपनीगणिक बदलते, म्हणून बोर्डाचं पुस्तक उघडल्याशिवाय अर्थ लावू नका. काकांच्या बोर्डावर डीरॅमचा दिवा लागलेला होता. ओटाच नाही म्हणतोय मालक.

रॅम बसवायला वाटतो त्यापेक्षा जास्त जोर लागतो, आणि नवखा माणूस तुटेल म्हणून हलकं दाबतो. एका बाजूची क्लिप बंद होते, दुसरी अर्धी. वरून बघितलं तर सरळ दिसते. दोन्ही टोकांना अंगठे ठेवून, 'खट्' असा आवाज येईपर्यंत दाबायचं. काढलीच आहे तर सोनेरी पट्टी स्वच्छ करून घ्या. आपल्याकडचा खोडरबराचा उपाय चालतो, फक्त पांढरा मऊ खोडरबर घ्या, हलक्या हाताने फिरवा आणि भुगा झटकून टाका. खाचेत फुंकर मारू नका. थुंकीचे शिंतोडे जातात.

काकांची नवी पट्टी एका टोकाने वर होती. दाबली, खट् वाजलं, स्क्रीनवर कंपनीचा लोगो आला. काकूंनी आतून विचारलं, "झालं का? जेवायला वाढू?" (झालं नव्हतं, पण जेवलो.)

सगळ्यांचं एवढ्यावर भागत नाही. तसं झालं तर गर्दी कमी करा. ग्राफिक्स कार्ड काढा, जास्तीच्या डिस्क काढा, एकच रॅम ठेवा. प्रोसेसर, एक पट्टी आणि मॉनिटर एवढ्यावर चालवून बघा. इथे एक अडचण येऊ शकते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' असतो त्यात चित्र दाखवायची सोयच नसते. तिथे कार्ड ठेवावं लागतं, नाहीतर चांगल्या मशिनलाही मेलेलं ठरवाल.

प्रोसेसरच्या जवळ चार किंवा आठ पिनांची एक वेगळी वीजवाहिनी असते, बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात. तिच्याशिवाय पंखे मजेत फिरतात आणि आचाऱ्याला मात्र वीजच नसते.

तरीही जमलं नाही तर बायोसची स्मरणशक्ती पुसा. प्लग काढून मदरबोर्डवरचा गोल सेल (सीआर२०३२, ३ व्होल्टचा, घड्याळाच्या दुकानातही मिळतो) काढायचा, पाच-दहा मिनिटं थांबायचं, परत बसवायचा. बायोस मूळ मांडणीवर येतो. रॅमच्या दोन पट्ट्या असताना लावलेला जास्त वेग चार झाल्यावर झेपत नसेल तर तोही खाली येतो. पण तयारीने करा. सेल काढल्यावर काही जुन्या मशिनांत डिस्क वाचायची पद्धत बदलते आणि आधी चालणारी विंडोजही उठत नाही. मशीन धडधाकट असतानाच, काही बदलण्याआधी, बायोसच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मी हे शिकलो ते एकदा मार खाऊनच.

आणि एक गंमत. डीडीआर५ म्हणजे नव्या पिढीच्या रॅमचं मशीन पहिल्यांदा चालू केलं की मालक नव्या ओट्याचं माप घेत बसतो. स्क्रीन काही मिनिटं काळी राहते, कधी मशीन मधेच बंद होऊन परत चालू होतं. घाबरून बटण दाबलं की माप पुन्हा पहिल्यापासून. चहा करून या. दहा-पंधरा मिनिटांनीही काळीच असेल तर मग शोध सुरू करा.

"पण रॅम तर नवी कोरी आहे, आणि चालेल असं दुकानात सांगितलं"

नवी वस्तू खराब निघू शकते, पण त्याआधी ती आपल्या घराला चालते का ते बघा. डीडीआर३ आणि डीडीआर४ च्या पट्ट्यांना २४० आणि २८८ पिना असतात. एक दुसरीत बसतच नाही. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्ही २८८ पिनांच्या, पण खाच वेगळ्या ठिकाणी. बसत नसेल तर जोर लावू नका, पट्टीच वेगळ्या पिढीची आहे.

चार खाचा असतील आणि पट्ट्या दोन, तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून मोजून दुसरी आणि चौथी खाच वापरायची. शेजारशेजारच्या पहिल्या दोन भरल्या की काही बोर्ड चालतात, काही अडून बसतात.

प्रोसेसर बदलला असेल तर आणखी एक पेच. प्रोसेसर बसायची खोबण तीच, पण मालकाला नवा आचारी ओळखताच येत नाही. एएमडीच्या एएम४ खोबणीत हे पुष्कळांनी अनुभवलंय: बी४५० चा जुना बोर्ड, त्यावर रायझन ५००० मालिकेतला प्रोसेसर, आणि बायोस नवा न केल्यामुळे काळी स्क्रीन. उपाय उलट्या क्रमाने आहे. जुना प्रोसेसर असतानाच बायोस अपडेट करायचा, मग नवा बसवायचा. विकत घेण्याआधी बोर्डाच्या कंपनीच्या पानावर 'चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी' बघितली तर हा सगळा ताप वाचतो.

लोगो येतो, विंडोज येत नाही

इथपर्यंत आलात तर हजेरी पूर्ण झालीय. फक्त कोठी सापडत नाही. नवी एसएसडी लावली की कधीकधी मालक आधी तिच्यातच शोधतो, ती असते रिकामी, आणि 'बूट डिव्हाइस सापडत नाही' असा संदेश येतो. बायोसमध्ये जाऊन (बहुधा डिलीट किंवा एफ२ दाबत राहून) जुनी डिस्क पहिल्या क्रमांकावर आणा.

जुनी डिस्क यादीतच नसेल तर तिची केबल बघा. आणि हेही तपासा: काही बोर्डांवर एम.२ च्या खाचेत (बोर्डावरच बसणाऱ्या चपट्या एसएसडीची जागा) एसएसडी बसवली की साटाची, म्हणजे डिस्कची केबल लावायची, एक-दोन तोंडं आपोआप बंद होतात, कारण दोघांची वाट एकच असते. केबल शेजारच्या तोंडात लावली की डिस्क हजर.

निळ्या पानावर ४८ आकडी किल्ली मागितली तर ती बिटलॉकरची. डिस्क कुलूपबंद आहे आणि यंत्र बदललेलं बघून ती ओळख मागतेय. ती किल्ली बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. मोबाइलवरून खात्यात जाऊन बघा.

मग सरळ फॉरमॅट का नाही मारायचं?

कारण स्क्रीन काळी असेल तर फॉरमॅटचा तिच्याशी काही संबंधच नाही. ओटा बसला नसताना कोठी रिकामी करून काय होणार? तरी हा सल्ला सर्रास मिळतो, आणि लोकांचे दहा वर्षांचे फोटो त्यात जातात. लोगो येतोय आणि विंडोज अडतेय, तिथेही फॉरमॅट हा शेवटचा उपाय. त्याआधी जुनी डिस्क दुसऱ्या मशिनला लावून फोटो, कागदपत्रं काढून घ्या.

चालू होतो, गेम लावला की बसतो

काकांच्या घरी चौथ्या दिवशी हेच झालं. नातवाने गेम लावला, यूपीएसने किंचाळायला सुरुवात केली आणि सगळं बंद.

हिशेब साधा आहे. ग्राफिक्स कार्डाला खाचेतून ७५ वॉट मिळतात, ६ पिनांच्या वायरीतून आणखी ७५, ८ पिनांच्या वायरीतून १५०. म्हणजे एका ८ पिनांच्या कार्डाला एकूण २२५ पर्यंत सोय केलेली असते. त्यात प्रोसेसर, डिस्क, पंखे, मॉनिटर मिळवा. घरोघरी दिसणाऱ्या ६०० व्हीएच्या यूपीएसची ताकद साधारण ३६० वॉट असते; ६०० आकडा बघून आपण फसतो.

एसएमपीएसवरही असाच चकवा आहे. डब्यावर ठळक '४५०' असतं, पण कार्ड आणि प्रोसेसर जेवतात ते १२ व्होल्टच्या वाटेवरून. लेबलवर १२ व्होल्टसमोर १८ अँपिअर लिहिलं असेल तर १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॉट. बाकीचा आकडा आपल्या कामाचा नाही. नवा एसएमपीएस घ्यायचा झाला तर त्याच्या सुट्या केबलीही त्याच्याबरोबरच्याच वापरा. जुन्याच्या केबली नव्या डब्यात बसतात, पण आतली जोडणी वेगळी असू शकते आणि मग डिस्क खरोखरच जळते.

काकांचा एसएमपीएस पुरेसा निघाला. यूपीएस मोठा घेईपर्यंत नातवाने गेम थेट भिंतीच्या प्लगवर खेळायचा ठरलं, स्पाइक गार्ड लावून.

दुकानात न्यायचंच झालं तर

जळका वास आला, कपॅसिटर फुगलेले दिसले, प्रोसेसरच्या खोबणीतल्या पिना वाकलेल्या दिसल्या, किंवा एका रॅमवरही डिस्प्ले येईना, तर पुढे जाऊ नका. दुकानात "चालू होत नाही" एवढंच सांगितलं तर तपासणी शून्यापासून सुरू होते. काय बदललं, कुठला दिवा लागून राहतो, काय काढून बघितलं, हे चार वाक्यांत कागदावर लिहून द्या. फोटो असलेली डिस्क घरी काढून ठेवा. डिस्प्ले तपासायला ती लागत नाही.

आणि ग्राफिक्स कार्डही काढून, ते आलं त्याच अँटिस्टॅटिक (स्थिर विजेपासून वाचवणाऱ्या) पाकिटात घालून वेगळं न्या. स्कूटरच्या पायाशी कॅबिनेट उभं ठेवून नाशिकच्या द्वारका चौकापर्यंतचे स्पीडब्रेकर पार केलेत की जड कार्ड खाचेसकट वाकतं, आणि मग दुकानदाराला दोन बिघाड सापडतात, त्यातला एक वाटेतला.